पूर्णेकाठचे धुरे

वऱ्हाडात इंग्रजांच्या वस्तीच्या खुणा शोधत निघालेल्या प्रवाशाच्या हाती फारसे काही लागत नाही. चिखलदऱ्याचे पठार १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने हेरले. तेथे काही बंगले उभे राहिले, कॉफीची लागवड झाली. अचलपूरला लागून परतवाड्याची छावणी होती. अमरावती शहरात ‘कॅम्प’ हे वस्तीचे नाव अजून चालते. परंतु निलगिरीत किंवा आसामात मळेवाले इंग्रज जसे जमिनी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तसे पूर्णेच्या खोऱ्यात घडले नाही. येथे इंग्रज आले, त्यांनी कारभार केला आणि ते निघून गेले.

तरीही त्यांची एक वसाहत येथे कायम राहिली आहे. ती दगडविटांची नाही. ‘सेटलमेंट’ या इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत: एक वस्ती, दुसरा जमीनमहसुलाचा बंदोबस्त. वऱ्हाडात पहिला अर्थ रुजला नाही. दुसरा मात्र इतका खोल रुजला की आज अमरावती, दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा अकोल्याच्या एखाद्या व्यापारी घराण्याच्या तिजोरीतील शेतजमिनीचे कागद उलगडले, तर त्यांचे मूळ बहुधा त्या बंदोबस्तातच सापडते. शेताचा नंबर, त्याचा आकार, त्याचा धुरा आणि ते विकण्याचा अधिकार, या चारही गोष्टी तेथूनच आलेल्या आहेत.

हे समजून घेण्यासाठी पूर्णा नदीच्या काठाने जाणे उपयोगी पडते. पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातील भैसदेही परिसरात उगम पावते. चांदूर बाजार तालुक्यात विश्रोळीजवळ आता तिला धरणाने अडवले आहे. तेथून ती आसेगाववरून दक्षिणेला उतरते आणि मग पश्चिमेकडे वळते. पेढी, चंद्रभागा, शहानूर, काटेपूर्णा, मोर्णा, मन या नद्या तिला मिळतात. अमरावती, अकोला, बुलढाणा असा प्रवास करून जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे ती तापीत विलीन होते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला बालाघाटचे पठार आणि मधली ही सपाट काळी भूमी, तिला जुन्या कागदपत्रांत ‘पयनघाट’ म्हटले आहे.

नदीचा उगम आणि तिचे खोरे यांच्यामध्ये एक न दिसणारी सीमा आहे. भैसदेहीचा मुलूख इंग्रजांच्या मध्यप्रांतात होता आणि तेथे मालगुजारीची पद्धत होती. मालगुजार हा संपूर्ण गावाचा मालक. त्यामुळे तेथे अख्खे गाव किंवा अख्खा डोंगर एका खरेदीखताने विकत घेता येत असे. मुक्तागिरीचे सिद्धक्षेत्र याच सीमेवर आहे. यात्रेकरू परतवाड्याहून जातात, पण क्षेत्र बैतूल जिल्ह्यात मोडते. हा डोंगर पूर्वी एलिचपूरच्या खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. क्षेत्राचे पावित्र्य राखले जावे या हेतूने एलिचपूरच्या जैन गृहस्थांनी, नत्थूसा पासूसा कळमकर यांच्या पुढाकाराने, १९२३ मध्ये मंदिरांसह तो डोंगर विकत घेतला. भाविकांना ही कथा परिचित आहे. मात्र अशी खरेदी शक्य झाली ती तेथील मालगुजारी कायद्यामुळे, हे सहसा ध्यानात येत नाही. तेथून काही कोस दक्षिणेला, वऱ्हाडच्या हद्दीत, गाव विकत मिळत नव्हते. मिळत होते ते एकेक शेत.

हा भेद का पडला, याचे उत्तर एका कर्जव्यवहारात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होते. दिवाण चंदूलालच्या काळात राज्याचा खजिना सावकारांच्या उचलीवर चाले आणि त्या उचलीपोटी परगण्यांचा वसूल सावकारांकडे लावून दिला जाई. वऱ्हाडाचा मोठा वसूल हैदराबादचे सावकार पूरणमल यांच्याकडे होता. पुढे तो पेस्तनजी या पारशी पेढीकडे गेला. याच पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईला पोचवला होता. म्हणजे वऱ्हाडच्या जमिनीवर पेढीची सावली इंग्रजी अमलाच्या आधीपासूनच होती. फरक इतकाच की तेव्हा गहाण पडत होता तो परगण्याचा वसूल. कुणब्याचे शेत नव्हे.

निजामाने इंग्रजांच्या सल्ल्याने ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज बाळगली होती. तिचा पगार थकत गेला, कंपनी सरकारने तो आपल्या तिजोरीतून दिला आणि तो निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडला. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने त्या कर्जाची फेड आणि फौजेचा चालू खर्च यांसाठी वऱ्हाड आणि आणखी काही प्रांत इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आले. व्यापारी भाषेत बोलायचे तर हे ताबेगहाण होते: मालकी निजामाची, ताबा आणि उत्पन्न धनकोचे. १८६० च्या तहाने सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडेच राहिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत ते वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेण्यात आले आणि पुढल्या वर्षी मध्यप्रांताला जोडले गेले. कर्ज फिटले, पण गहाण सुटले नाही. पुढील काळात पूर्णेकाठच्या अनेक शेतांच्या वाट्याला जे आले, ते आधी संपूर्ण प्रांताच्या वाट्याला येऊन गेले होते.

ताबा मिळाल्यावर इंग्रजांनी पूर्व वऱ्हाड आणि पश्चिम वऱ्हाड असे दोन जिल्हे केले; पहिल्याचे ठाणे अमरावती, दुसऱ्याचे अकोला. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी सुरू झाली. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर पुणे जिल्ह्यात इंदापूरकडे बसवली होती. मोजणीदार ३३ फुटांची साखळी घेऊन शेतात उतरे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, कोपऱ्यांना दगड बसले, दोन नंबरांमध्ये धुरा राखला गेला. मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून रुपयाच्या आण्यांत तिची प्रत ठरली आणि त्यावरून आकार बसवला गेला. तो आकार तीस वर्षे वाढणार नाही, अशी हमी देण्यात आली.

त्याआधीही गावाची घडी होतीच. गावठाणाची पांढरी आणि शेतांची काळी ही वाटणी जुनी होती. पाटील, पटवारी, देशमुख, देशपांडे ही वतने होती आणि शेतापेक्षा वतनालाच अधिक मोल होते, कारण वसुलाचा बोजा केव्हा किती वाढेल याचा नेम नसल्याने नुसत्या शेताला गिऱ्हाईक विरळाच मिळे. नव्या बंदोबस्तात पाटील-पटवारी राहिले. देशमुख-देशपांडे यांचे वसुलीचे काम गेले. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये कोणी उरले नाही. ज्याच्या नावे नंबर, तो खातेदार. तो आकार भरत राहील तोवर शेत त्याचे. ते त्याच्या वारसांकडे जाईल, त्याला ते विकता येईल आणि गहाणही ठेवता येईल.

त्या काळच्या मानाने ही मोठी सुधारणा होती. पूर्वीच्या मक्तेदारांच्या जाचातून शेतकरी सुटला. ओसाड जमिनी वहितीखाली आल्या. परंतु जे विकता येते ते गमावताही येते, ही गोष्ट त्या हमीपत्रात लिहिलेली नव्हती.

पूर्णेच्या दोन्ही काठांचा पट्टा या मोजणीतील एक विरोधाभास आजही दाखवतो. येथील माती खोल, काळी, ओल धरून ठेवणारी; जुन्या प्रतवारीत अशी जमीन वरच्या प्रतीची ठरे. पण विहीर खणली तर पाणी खारे लागते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. पावसाने साथ दिली तर कापूस, तूर, मूग आणि मागून ओलीवरचा हरभरा. पाऊस चुकला तर विहिरीचा आधार नाही. आकार मात्र रोख आणि ठरल्या हप्त्याने भरावा लागे. आभाळाला हप्ता नव्हता, सरकारला होता. या दोहोंमधील अंतर सावकाराच्या उचलीने भरून निघत असे.

त्यातच कापसाचा काळ आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गाने नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला रूळ आले. मारवाड, गुजरात, कच्छ येथून व्यापारी कुटुंबे येऊन कसब्यांत स्थिरावली. काही त्याही आधी बैलगाडीच्या काळात आली होती. कापड, किराणा, सरकी आणि धान्य यांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला उचलीची वही असे. पेरणीला बियाणे, दिवाळीला कापड, लग्नाला रोकड हे सर्व दुकानातून जाई आणि कापूस वेचला की दुकानात परत येई.

पूर्वी या उचलीला तारण होते ते पिकाचे आणि माणसाच्या शब्दाचे. बंदोबस्तानंतर तारण झाले शेताचे. नोंदणी झालेला दस्त, दिवाणी न्यायालय आणि नंबर घातलेले शेत ही तिन्ही एकत्र आली. साधे गहाण, ताबेगहाण आणि मुदतीत पैसे न आल्यास खरेदी पक्की होणारे गहाणलहाण, अशा दस्तांनी शेते हात बदलू लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी पुष्कळांची मुदत एकाच वेळी संपवली. ज्यांनी नांगराला कधी हात लावला नाही, अशी घराणी शेकडो एकरांची खातेदार झाली. जैन कुटुंबांत शेती स्वतः न करण्याची परंपरा. म्हणून ती शेते बहुधा त्याच जुन्या मालकाला मक्त्याने किंवा बटईने कसायला दिली गेली. धुरा तोच, नांगरणारा तोच. केवळ पटवाऱ्याच्या बुकातील नाव बदलले.

मूर्तिजापूर तालुक्यात पूर्णेच्या परिसरात दापुरा नावाचे गाव आहे. संत गाडगेबाबांचे बालपण या गावी मामाच्या घरी गेले. १८७६ मध्ये जन्मलेला हा मुलगा, डेबूजी, वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर येथे आला. गुरे राखली, पूर्णेत पोहायला शिकला, मामाच्या शेतात राबला. मामाचे शेत कर्जापायी सावकाराकडे गेले आणि त्या धक्क्याने मामा खचून वारले. ताबा घ्यायला आलेल्या सावकारापुढे डेबूजी शेतात नांगर धरून उभा राहिला, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. पुढे गावोगावच्या कीर्तनांत ते कर्ज काढू नका, हे आवर्जून सांगत. हा उपदेश ग्रंथातून आलेला नव्हता. एका गेलेल्या शेतातून आलेला होता.

व्यापारी घराण्यांना ही कथा ऐकताना अवघड वाटणे स्वाभाविक आहे. तिचे दोन सोपे अर्थ लावले जातात आणि दोन्ही अपुरे आहेत. सारे सावकार लुटारू होते, हे खरे नाही. आडसालात गाव जगले ते पुष्कळदा दुकानाच्या उधारीवर. सरकारी तगाईपेक्षा पेढीचा दरवाजा जवळ होता, आणि बुडालेल्या उचलींनी दिवाळे निघालेल्या पेढ्याही होत्या. उलट, सगळे कायद्याने झाले म्हणून सगळे योग्य झाले, हेही खरे नाही. व्याजावर व्याज चढत होते, अंगठा उठवणाऱ्याला दस्त वाचता येत नव्हता आणि न्यायालय कसब्यात होते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकरी संरक्षणाचा कायदा झाला. वऱ्हाड त्या चार जिल्ह्यांत नव्हते.

दापुऱ्याच्या परिसरातच, नदीकाठी, भातकुली तालुक्यात एक तीर्थ आहे. त्याचे नाव ऋणमोचन. भातकुलीला आदिनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या जैन यात्रेकरूंना हे नाव पाटीवर दिसते. येथे मुद्गलेश्वराचे मंदिर असून पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. नदीच्या चिखलातून भाविकांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, उतरणे कठीण जाई. गाडगेबाबांनी आपल्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांत येथे श्रमदान केले आणि पुढे घाट बांधवला. ज्यांचे शेत ऋणापायी गेले, त्यांनी ऋणमोचनाच्या काठी इतरांसाठी पायऱ्या बांधाव्यात, याहून मोठी फेड कोणती? बाबांचे देहावसानही २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पूर्णेला मिळणाऱ्या पेढी नदीच्या पुलावर झाले.

स्वातंत्र्यानंतर बंदोबस्ताची चौकट राहिली, तिच्यातील माणसांचे संबंध बदलले. १९५८ च्या विदर्भासाठीच्या कुळवहिवाट कायद्याने अनेक कसणारे मालक झाले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने मोठी खाती कापली गेली. १९६६ ची महसूल संहिता आली. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने बेकायदा सावकारीतून घेतलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला मिळाला. बहुतेक घराण्यांची शेते या चाळणीतून गळून गेली. काहींकडे दहा-वीस एकर उरले. आता ती जमीन तिसऱ्या-चौथ्या पिढीकडे आहे. मुले पुण्या-मुंबईला, क्वचित परदेशी आहेत. सातबाऱ्यावर आजोबांची, चुलत आजोबांची नावे आहेत आणि शेत कोणत्या दिशेला, हे सांगणारा जुना मुनीम आता हयात नाही.

अशा घरांपुढे आज विक्रीचा प्रश्न उभा आहे आणि तो घाईने सोडवण्यासारखा नाही. सातबारा आजचे नाव दाखवतो. ते नाव तेथे कसे आले हे फेरफाराच्या नोंदी दाखवतात. म्हणून निर्णयापूर्वी जुने फेरफार, मोजणीचा नकाशा आणि दस्त एकत्र वाचावेत. वारसांच्या नोंदी पूर्ण कराव्यात. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू असल्याने २००५ च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित जमिनीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. सही घेण्यापुरते तिला बोलावणे हा न्याय नव्हे. महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच घेता येते. शेवटचा नंबर विकणाऱ्या घराला पुन्हा शेत घेणे कठीण जाते. नदीकाठचे शेत असेल तर प्रत्यक्ष जाऊन धुरा पाहावा. पूर्णा पुरात काठ कापते आणि कागदावरचे गुंठे पाण्यात असू शकतात. वाहून गेलेल्या जमिनीचा आकार कमी करून घेण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी आधी कोणीतरी तेथे जायला हवे.

आणि तेथे गेल्यावर बहुधा कोणीतरी भेटतेच. तीन पिढ्या तेच शेत मक्त्याने करणारे एखादे कुटुंब असते. त्यांच्या घरात त्या शेताला अजून जुन्याच नावाने हाक मारतात. जमीन विकायचीच असेल तर पहिला शब्द त्यांच्याकडे टाकावा, रास्त भाव सांगावा, मुदत द्यावी. यात उपकार काही नाही. जुन्या वहीतील ती बाकी आहे, एवढेच.

श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात ज्या गोष्टींना मर्यादा घालायची, त्यांची गणना क्षेत्र म्हणजे शेतजमीन येथपासून सुरू होते. सोने-चांदी त्यानंतर येते. इंग्रजांच्या मोजणीदाराने जमिनीला सीमा घातली ती दगडांनी, सरकारचा वसूल नीट यावा म्हणून. व्रताने सीमा घातली ती मालकाच्या मनाला. पूर्णेकाठच्या घराण्यांकडे या दोन्ही मोजण्यांचे कागद आहेत. पहिल्याची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. दुसऱ्याची नक्कल कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी, वाटणीचा कागद लिहिण्याच्या आधी, मुलांपुढे बसून स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवायची असते.